सुईनं उतरणारं आणि न उतरणारं दुखणं

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत आवणीच्या दिवसांत अंग दुखलं तर त्यात नवल नाही. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावल्यावर कंबर धरणारच, आणि चार-आठ दिवस विसावा मिळाला की ती सुटतेही. प्रश्न आहे तो न सुटणाऱ्या दुखण्याचा. तीन महिने उलटून जातात, तरी मान, पाठ, कंबर, हात, पाय सगळं ठणकत राहतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेलं असतं. एक्स-रे स्वच्छ, रक्ततपासणी ठीक. डॉक्टर याला दीर्घकालीन सर्वांगदुखी म्हणतात. तिचाच एक ठळक प्रकार म्हणजे फायब्रोमायल्जिया. घरात मात्र याला एकतर ‘वात’ म्हणतात, नाहीतर कामाचा कंटाळा. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची ‘कॉपकॉर्ड’ पाहणी सुरू झाली. तिच्यात चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंची दुखणी आढळली, पण सांध्यांना सूज आणणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात जेमतेम अर्धा टक्का लोकांना होता. म्हणजे खेड्यातलं बहुतेक दुखणं या संधिवाताचं नाही, हे आपल्याच मातीतल्या आकड्यांनी दाखवलं आहे.

या दुखण्याबद्दल अलीकडे एक नवा समज पसरतो आहे : ‘ताणाचं हार्मोन बिघडलंय’. हे अर्धसत्य आहे. हे हार्मोन म्हणजे कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ते बनवतात. ते पहाटे चढतं, रात्री उतरतं आणि दाह आवरतं. पण रक्तात किती कॉर्टिसॉल आहे, एवढ्यावर काम भागत नाही. पेशीच्या आत त्याला धरणारं एक प्रथिन असतं, त्याला ग्राहक म्हणतात. कॉर्टिसॉल चिकटलं की हा ग्राहक पेशीकेंद्रात शिरतो आणि काही जनुकं चालू, काही बंद करतो. भातसा, तानसा ही धरणं भरलेली असूनही उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन फिरतात. साठा असणं आणि तो पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसंच हे. नेदरलँड्समधल्या १९९७च्या एका अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत ग्राहकांची संख्या निरोगी माणसांइतकीच होती, पण हार्मोनला धरून ठेवण्याची त्यांची ताकद कमी भरली. २००८च्या दुसऱ्या एका अभ्यासात ग्राहकाचं जनुकच कमी व्यक्त होताना दिसलं. उलट, काही संशोधकांना पेशी कॉर्टिसॉलला अधिक संवेदनशील असल्याचं आढळलं. तेव्हा ‘ग्राहक बिघडले म्हणून दुखतं’ असं छातीठोकपणे सांगणं घाईचं ठरेल. ताणाला उत्तर देणारी यंत्रणा या रुग्णांत वेगळी वागते, एवढं मात्र पुन्हापुन्हा दिसलं आहे. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात तर दुखणं सुरू होण्याआधीच ज्यांचं सकाळचं कॉर्टिसॉल कमी आणि संध्याकाळचं जास्त होतं, त्यांच्यात पुढे सर्वांगदुखी अधिक उद्भवली.

यावर कुणी म्हणेल, ग्राहक मंद असतील तर हार्मोन बाहेरून वाढवून द्या की! सगळ्यात घातक गैरसमज हाच. १९४८ साली अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी कॉर्टिसॉलच्याच जातीचं कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची रुग्ण उठून चालू लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. तिथे सांध्यांत दाह होता, म्हणून औषध लागू पडलं. सर्वांगदुखीत तसा दाह नसतो. १९८५ साली फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांना रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन हे स्टेरॉइड आणि खोटी गोळी आळीपाळीनं देऊन पाहिली. स्टेरॉइडनं काही फरक पडला नाही. शिवाय बाहेरून सतत स्टेरॉइड दिलं की पेशी आपले ग्राहक आणखी घटवतात आणि शरीराची स्वतःची निर्मितीही मंदावते. ‘पण स्टेरॉइडची सुई घेतली की बरं वाटतं’ हा अनुभव खोटा नाही. त्या सुईत बहुधा वेदनाशामकही असतं, स्टेरॉइडनं काही काळ तरतरी येते, भूक लागते. मग महिन्यामागून महिने सुया, किंवा स्टेरॉइड मिसळलेल्या वाताच्या पुड्या. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि ही स्टेरॉइडं एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कमी करायची तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

हार्मोन ताणाचं म्हणून दुखणं मनाचं, हा निष्कर्षही चुकीचा. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत आणि मेंदूत प्रमाणाबाहेर मोठे होतात. ही शरीराचीच घडामोड आहे. युरोपीय संधिवाततज्ज्ञांनी २०१६ साली सगळे उपचार तपासून ठामपणे शिफारस केली ती फक्त व्यायामाची. हंडे वाहणाऱ्या बाईला आणखी कसला व्यायाम, असं विचारलं जाईल, आणि ते रास्त आहे. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. कष्टात वेग आणि ओझं दुसरं कुणी ठरवतं. उपचारातला व्यायाम थोड्यापासून सुरू होतो, वाढवणं-थांबवणं रुग्णाच्या हाती असतं, आणि त्याच्यासाठी घरच्यांना आधी तिच्या डोक्यावरचा एखादा हंडा उतरवावा लागतो. कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी कल्याण-ठाण्याला पैसे घालवण्याचं बहुतेकांना कारण नाही. त्यावरून हा आजार ठरत नाही. त्यापेक्षा शहापूर किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारावं, आदिवासी कुटुंबांनी सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी. यांतलं काही निघालं, तर त्याला स्वतंत्र औषध आहे.