रीतीला नाचवणारा विनोद

स्पेनचा अर्थमंत्री डॉन साल्युस्त गाढ झोपलाय. नोकर ब्लाझ त्याला हलवत नाही. जवळ उभा राहून सोन्याची नाणी खुळखुळवतो. फ्रेंचमध्ये ‘वेळ’ आणि ‘सोनं’ हे शब्द कानाला जवळपास सारखेच लागतात, म्हणून ‘उठायची वेळ झाली’चं ‘उठायचं सोनं झालं’ होतं. मंत्रीही असा बिलंदर, की एक नाणं कमी आहे हे तो आवाजावरूनच ओळखतो!

जेरार उरी यांच्या १९७१च्या ‘ला फोली दे ग्रांदर’ या चित्रपटातला, म्हणजे ‘मोठेपणाचं वेड’मधला हा प्रसंग. मंत्री लुई द फ्युनेस, नोकर इव्ह मोंतां.

गंमत अशी, की या हास्यपटाच्या मुळाशी शोकांतिका आहे. व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘रुई ब्लास’ (१८३८) या नाटकातली राणी परदेशातून स्पेनमध्ये आलेली. नवरा शिकारीत रमलेला. तिने पत्ते खेळायला मागितले तर दरबारी रीत आडवी, खिडकीतून बाहेर बघू म्हटलं तरी रीत आडवी. राजाची चिठ्ठी येते, तीत वाऱ्याची आणि मारलेल्या लांडग्यांची खबर. आपुलकीचा शब्द नाही. राणीने पदावरून काढलेला साल्युस्त सूड म्हणून आपल्या नोकरालाच उमराव बनवून तिच्या प्रेमात अडकवू पाहतो. शेवटी नोकर मालकाला मारतो आणि स्वतः विष घेतो.

उरींनी हा सांगाडा ठेवला, पण रीतीलाच थट्टेचा विषय केलं. राणीवर पहारा ठेवणारी करडी दोन्या ह्वाना (अलीस साप्रिच) स्वतःच ब्लाझच्या प्रेमात पडते आणि एकेक वस्त्र उतरवत नाचते. ज्या रीतीने ह्यूगोंच्या राणीचा जीव गुदमरला, तीच इथे पडद्यावर अंगावरचं ओझं टाकते.

खुद्द चित्रपटावरही दुःखाची सावली होती. उरींच्या ‘ला ग्रांद व्हाद्रुई’ने (१९६६) फ्रान्समध्ये १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रेक्षक खेचले, ते फ्युनेस आणि बूरव्हिल या जोडीच्या बळावर. ब्लाझही बूरव्हिलच करणार होते. सप्टेंबर १९७०मध्ये ते गेले. मोंतां आले आणि भोळ्या नोकराच्या जागी देखणा, तरतरीत नोकर उभा राहिला.

चित्रपटाच्या शेवटी मालक आणि नोकर दोघेही वाळवंटात गुलाम होतात. शिक्षा सारखी, कष्ट सारखे. ह्यूगोंच्या नोकराला मालकाची बरोबरी मरूनही मिळाली नव्हती. उरींनी ती त्याला जिवंतपणी दिली, तीही हसत हसत.