डेक कुजतो तो खालून

अमेरिकेत अनेक घरांच्या मागच्या अंगणात बसण्याउठण्यासाठी फळ्यांचा चौथरा केलेला असतो. त्याला ‘डेक’ म्हणतात. पूर्वी तो लाकडाचाच असे. १९९० च्या दशकापासून वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये लाकडाचा भुसा मिसळून तयार केलेल्या संमिश्र फळ्यांचा वापर वाढत गेला. या फळ्यांना रंग द्यावा लागत नाही आणि त्या सहजी कुजत नाहीत. तरीही पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनीवर, अगदी जमिनीलगत बांधलेला असा डेक काही वर्षांत खचू शकतो. फळ्या शाबूत, मग बिघडले काय?

बिघडतो तो खालचा सांगाडा. संमिश्र फळी लाकडापेक्षा लवचीक असते. भार दीर्घकाळ राहिला तर ती हळूहळू वाकते. म्हणून तिला आधार देणाऱ्या तुळया बहुधा लाकडाच्याच ठेवतात.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात : अन्न, हवा, ऊब आणि पाणी. अन्न म्हणजे लाकूडच. हवा आणि ऊब आपल्या हाती नाहीत. उरले पाणी. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर बुरशी वाढत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिले की कुजणे सुरू होते. पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूड मात्र फारसे कुजत नाही, कारण तिथे हवा पोचत नाही. ओलसर जमिनीलगतच्या तुळईला पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून तिची अवस्था सर्वांत वाईट!

आता जमिनीकडे पाहू. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. त्यांच्यामधल्या फटी इतक्या सूक्ष्म असतात, की वाळूत तासाला दोन-तीन सेंटिमीटर सहज मुरणारे पाणी इथे अर्धा सेंटिमीटरही मुरत नाही. ते डेकखाली साचते. तिथे ऊन नाही, वारा नाही. त्याची वाफ वर जाऊन तुळयांना ओलावा देत राहते.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे खड्डा खणून त्यात खडी भरणे. पण चिकणमातीतला असा खड्डा म्हणजे चक्क हौद! आजूबाजूचे पाणी त्यात उतरते आणि तिथेच राहते. खडी पाण्याला जागा देते, वाट देत नाही. वाट द्यायची तर आधी जमिनीला घरापासून दूर जाणारा उतार हवा. ५० ला १ एवढा उतार, म्हणजे ५ मीटरला १० सेंटिमीटर, साधारणपणे पुरेसा होतो. त्यानंतर खडी आणि तिच्यात सखल जागेकडे नेणारा सच्छिद्र नळ. शिवाय चौथऱ्याच्या बाजू बंद करायच्या नाहीत आणि फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवायची. या फटींतून पाणी खाली जाते, वारा खेळतो. तापल्यावर फळ्यांची लांबी वाढते, म्हणून टोकांशीही मोकळीक ठेवावी लागते.

तुळयांना बुरशीनाशक रसायन पाजलेले असते. आर्सेनिकयुक्त रसायनाचा घरगुती बांधकामासाठीचा वापर अमेरिकेत २००३ च्या अखेरीस बहुतांशी थांबला. त्याच्या जागी तांब्याचे प्रमाण अधिक असलेली रसायने आली. ओल असताना तांब्यामुळे साधे पोलादी खिळे झपाट्याने गंजतात. म्हणून जस्ताचा जाड थर दिलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे स्क्रू वापरतात. पाण्याला वाट दिली नाही तर लाकूड वाचूनही सांधे सुटतात, ते असे.

जमिनीचा निचरा कसा आहे हे विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारातही मोजता येईल. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाणी भरा आणि पट्टीने पातळी तासातासाला मोजा. मुरमाड जागा आणि काळी माती यांची तुलना करा. मात्र काळ्या मातीत पहिल्या वेळचे माप धरू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडलेल्या असतात आणि पाणी त्यांतून झटकन नाहीसे होते. खड्डा रात्रभर भिजू द्या. माती फुगते, भेगा मिटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरा. आता जे माप येईल ते पावसाळ्यातले खरे माप. पहिल्या मापावर विसंबून बांधणाऱ्याची फसगत कशी होते, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.