मातीचा कस (लेखांक ६) : खारवट की चोपण?

क्षारांमुळे बिघडलेली जमीन तीन प्रकारची असते : खारवट, चोपण आणि खारवट-चोपण. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात तिन्हींना सरसकट क्षारपड म्हणतात, पण उपाय सरसकट चालत नाही. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार साचलेले असतात. निचऱ्याची सोय करून चांगल्या पाण्याने ते धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसलेला असतो. तो हटवायला जिप्सम लागते आणि निचराही लागतोच. नुसत्या खारवट रानात जिप्समची पोती ओतली तर तो खर्च वाया जातो.

नमुना घेण्यातच निम्मी तपासणी असते. खतांच्या शिफारशीसाठी रानात नागमोडी फिरून, साधारण वीत-सव्वा वीत खोलीचे इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेतात, सगळ्यांची माती एकत्र करून चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन टाकतात. असे करत अर्धा किलो उरवतात. बांध, उकिरडा, झाडाची सावली, विहिरीचा काठ टाळायचा आणि नुकतेच खत टाकलेले रान तर टाळायचेच. क्षारांसाठी मात्र ही सरमिसळ घातक ठरते. पांढरी फूट आलेल्या भागाची माती चांगल्या भागात मिसळली की दोन्हींचा खरा आकडा हरवतो. म्हणून असा भाग वेगळा धरतात, वरची पापडी निराळ्या पिशवीत भरतात आणि खाली ३०, ६०, ९० सेंटिमीटरपर्यंत थरांप्रमाणे नमुने घेतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्षार वर चढतात, पावसाळ्यात खाली उतरतात. त्यामुळे नमुन्याचा महिना पिशवीतल्या चिठ्ठीवर हवाच.

प्रयोगशाळेत सामू आणि विद्युत वाहकता एकत्र वाचतात. वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू ८.५ च्या आत असेल तर जमीन खारवट. सामू ८.५ च्या वर, वाहकता ४ च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल तर चोपण. पण हा ४ चा आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा आहे. नेहमीच्या तपासणीत एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेतात. तिथे पाणी जास्त असल्याने आकडा खूपच कमी दिसतो आणि १ च्या पुढे गेला तरी सावध व्हावे लागते. अहवालात २ पाहून 'चारच्या आत आहे' म्हणत निर्धास्त राहणारे कमी नाहीत. चोपणाची घरगुती खूणही आहे : पेलाभर पाण्यात ढेकूळ टाकले तर पाणी बराच वेळ गढूळच राहते.

सुपीकतेचे आकडेही सामूशी बांधलेले असतात. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी धरतात, जस्त ०.६ पीपीएमखाली गेले की कमतरता मानतात. सामू चढला की मातीत असलेले जस्त आणि लोहही पिकाला मिळेनासे होते, आणि वर फेकलेल्या युरियातला नत्र अमोनिया होऊन उडतो. पाने पिवळी पडली म्हणून युरियाचा हात वाढवण्याची सवय इथेच महागात पडते.

मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिकेवर बारा घटक असतात, त्यांत विनिमययोग्य सोडियम नाही. तो वेगळा मागून तपासून घ्यावा लागतो. शिवाय योजनेच्या मूळ रचनेत बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना धरला होता. एवढ्या पट्ट्याच्या सरासरीत पाटाकडचा बिघडलेला कोपरा उमटत नाही. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात तर भूजलच खारे, तिथे मातीबरोबर विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय शिफारस अपुरी राहते.

सुधारणेनंतर त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच खोलीवर पुन्हा नमुना घेतात. वाहकता उतरली आणि सामू चढला, तर खारवट-चोपण जमिनीतले क्षार धुऊन गेले, सोडियम मात्र मागे राहिला असा त्याचा अर्थ. अशा वेळी नुसते धुणे थांबवून आधी जिप्समची मात्रा काढावी लागते.