बारा पार, चौऱ्याऐंशी आकडे

हॅलोजनच्या काळात बारा दिव्यांना बारा डिमर पुरत. फेडर वर नेला की दिवा उजळे, खाली आणला की मंदावे. रंग हवा असेल तर दिव्यासमोर जिलेटीनचा कागद लागे आणि प्रयोग संपेपर्यंत त्या दिव्याचा रंग तोच राही. आज एखादी हौशी नाट्यसंस्था बारा एलईडी पार दिवे विकत घेते तेव्हा हिशेबच बदलतो. लाल, हिरवा, निळा, पांढरा, एकूण तेज, स्ट्रोब आणि पारमधले तयार कार्यक्रम असे एका पारचे सात चॅनल धरले, तर बारा पारचे चौऱ्याऐंशी होतात. नाटकाच्या प्रत्येक क्षणी या चौऱ्याऐंशी चॅनलांना शून्य ते २५५ यांमधला एकेक आकडा पाठवावा लागतो. ते काम कन्सोलचे. तरीही बहुतेक संस्थांची बहुतेक रक्कम दिव्यांत जाते आणि उरलेल्या पैशांत बसेल तो कन्सोल घरी येतो.

साऱ्या दिव्यांचा ताबा एका माणसाच्या हाती देणारे यंत्र करण्याची ओढ जुनी आहे. लंडनच्या स्ट्रँड इलेक्ट्रिक कंपनीतल्या फ्रेडरिक बेन्थम यांनी १९३५ मध्ये ‘लाइट कन्सोल’ घडवला, तो कॉम्प्टन कंपनीच्या ऑर्गनच्या धर्तीवर. त्याला चक्क ऑर्गनसारख्या पट्ट्या होत्या आणि चालक वादकासारखा त्याच्यासमोर बसे. पुढची मोठी उडी न्यूयॉर्कची. १९७५ मध्ये ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेसाठी प्रकाशयोजनाकार थॅरन मसर यांनी एलएस-८ हा संगणकीय स्मृती असलेला कन्सोल ब्रॉडवेवर पहिल्यांदा आणला. क्यू, म्हणजे नाटकात प्रकाश बदलण्याच्या ठरलेल्या जागा, आता यंत्राच्या लक्षात राहू लागले. कालच्या प्रयोगातला फेड आज तसाच्या तसा परत मिळू लागला.

तरी एक अडचण उरलीच होती. एका कंपनीचा कन्सोल दुसऱ्या कंपनीच्या डिमरशी बोलेल याची खात्री नव्हती. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगतंत्र संस्थेने १९८६ मध्ये डीएमएक्स-५१२ हा संकेत ठरवला आणि ही भिंत पडली. एका केबलवरून ५१२ चॅनल, सेकंदाला अडीच लाख बिट. सगळे चॅनल वापरात असले तरी संपूर्ण यादी सेकंदाला सुमारे ४४ वेळा पुन्हा पाठवली जाते. आज काही हजारांत मिळणारा पार आणि ब्रॉडवेवरचा महागडा दिवा हाच संकेत ऐकतात. कमी पैशांत काम करणाऱ्या संस्थेसाठी ही सगळ्यात मोठी सवलत आहे, कारण त्यामुळे कन्सोल आणि दिवे एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे घेण्याची सक्ती राहत नाही.

मग निवडायचे कसे? फेडर किती, चॅनल किती, हे खोक्यावर छापलेले असतेच. नाटकवाल्यांनी विचारायचे प्रश्न दोन आहेत: या यंत्राला दिवा कळतो का, आणि वेळ कळतो का?

बाजारात सर्वांत आधी समोर येते ती १९२ चॅनलची पेटी. आठ फेडर, बारा दिव्यांची बारा बटणे, प्रत्येक दिव्याला सोळा चॅनल. सीन साठवायला तीस बँका, प्रत्येकीत आठ, म्हणजे २४० सीन आणि शिवाय सहा चेस, म्हणजे ओळीने आपोआप बदलत जाणाऱ्या सीनच्या मालिका. चालू केली की क्षणात तयार, लॅपटॉपची गरज नाही, किंमत आवाक्यात. शाळेचे स्नेहसंमेलन, नृत्याचा कार्यक्रम, गणेश मंडळाचा मंच अशा ठिकाणी ती चोख काम देते. पण तिला दिवा कळत नाही. पार सात चॅनलचा असला तरी ती त्याच्यासाठी सोळा अडवून ठेवते, म्हणून पारांचे पत्ते, म्हणजे त्यांच्या पहिल्या चॅनलचे क्रमांक, १, १७, ३३ असे लावावे लागतात. बारा पार जोडले की चौऱ्याऐंशी चॅनल कामाचे आणि १०८ वाया. तेरावा पार आणला तर त्याला स्वतंत्र बटण मिळत नाही. तिसरा फेडर म्हणजे निळा हेही पेटीला ठाऊक नसते. ते चालकाने लक्षात ठेवायचे.

नाटकाच्या कन्सोलमध्ये दिव्यांचा संग्रह असतो. पारचे मॉडेल निवडले की कुठला चॅनल तेजाचा आणि कुठला रंगाचा हे त्याला समजते. याचा उपयोग दोन फेडर एकाच दिव्यावर आले की दिसतो. तेजाच्या बाबतीत जो आकडा मोठा तो चालतो, रंगाच्या बाबतीत जो शेवटी आला तो चालतो. हा भेद न जाणणाऱ्या यंत्रावर एका फेडरवरचा लाल आणि दुसऱ्यावरचा निळा एकत्र येतात आणि रंगमंच अचानक जांभळा होतो.

वेळेचा प्रश्न याहून मोलाचा आहे. कोलकात्यात १९५९ साली ‘अंगार’ नाटकात तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी केवळ प्रकाशाने उभे केले होते. त्या परिणामाचा जीव प्रकाश कुठल्या गतीने सरकतो यात होता. नाटकात प्रत्येक क्यूला त्याचा स्वतःचा वेळ लागतो: पहाट चाळीस सेकंदांची, पिस्तुलाची गोळी शून्य सेकंदांची. १९२ च्या पेटीत फेड टाइमचा एकच फेडर असतो. प्रत्येक सीनसोबत त्याचा वेळ साठवून ठेवायची सोय नसते. म्हणजे चालकाला संवाद ऐकता ऐकता बँक, सीन आणि वेळ या तिन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

दुकानात जाताना म्हणून आपल्याच नाटकातला सर्वांत अवघड क्यू सोबत न्यावा. समजा, मागचा पडदा चाळीस सेकंदांत केशरीचा निळा होतो, तेवढ्या वेळात झोपाळ्यावरच्या आईवरचा प्रकाश जराही हलत नाही, आणि मधेच एकदा वीज चमकते. विक्रेत्याला हे करून दाखवायला सांगावे. जे यंत्र हा क्यू साठवते आणि एका ‘गो’ बटणावर परत देते, तेच नाटकाचे.

हा क्यू सहज करणारा स्वस्त पर्याय लॅपटॉपमध्ये आहे. हेइक्की युन्निला यांनी सुरू केलेल्या आणि पुढे मास्सिमो कॅलेगारी यांनी वाढवलेल्या क्यूएलसी प्लस या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला एक पैसा लागत नाही. ते विंडोज, मॅक, लिनक्सवर आणि रास्पबेरी पायवरही चालते. त्यात दिव्यांचा संग्रह आहे. अनोळखी पार असेल तर त्याची व्याख्या स्वतः लिहिता येते. क्यूंची यादी आणि प्रत्येकाचा चढण्या-उतरण्याचा वेळही त्यात साठतो. बोटांखाली खरे फेडर हवे असतील तर संगीतवाल्यांचा मिडी कंट्रोलर जोडावा: कॉर्ग नॅनोकंट्रोल २ वर आठ फेडर आहेत, अकाई एपीसी मिनीवर नऊ फेडर आणि चौसष्ट बटणे.

मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरही उतरवून घेता येतात, पण अटी वाचाव्यात. ईटीसीचे ईऑस आणि एमए लायटिंगचे ग्रँडएमए३ संगणकावर शिकायला मोफत आहेत. प्रत्यक्ष दिवे पेटवायला ईऑसला विकतचा डाँगल लागतो, ग्रँडएमए३ला कंपनीचे यंत्र.

लॅपटॉपचा मार्ग धरला की सर्वांत महत्त्वाची खरेदी ठरते ती यूएसबी आणि डीएमएक्स यांमधल्या इंटरफेसची. एन्टेकचा ओपन डीएमएक्स यूएसबी आणि त्याच्या नकला स्वस्त असतात, पण संकेताची वेळ सांभाळायचे काम त्या लॅपटॉपवर सोडतात. लॅपटॉप दुसऱ्या कामात गुंतला की दिवे थरथरतात. त्याच कंपनीच्या डीएमएक्स यूएसबी प्रोमध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो. तो संकेत सातत्याने पाठवत राहतो. डिमरच्या बाजूने येणाऱ्या विजेच्या झटक्यापासून लॅपटॉप वाचवणारे विलगीकरणही त्यात असते. काटकसर कुठेही करावी, इथे करू नये.

केबलचेही तसेच. डीएमएक्स केबलचा अवरोध १२० ओहमच्या आसपास असतो, माइकच्या केबलचा कमी. थोड्या अंतरात माइकची केबल निभावते, लांब पल्ल्यात दिवे उगाच लुकलुकतात. साखळीतल्या शेवटच्या पारमध्ये १२० ओहमचा रोधक बसवलेला टर्मिनेटर लावावा. तो काही रुपयांत घरी जोडता येतो. एका ओळीवर बत्तीसपेक्षा जास्त उपकरणे नकोत, आणि फाटा हवा असेल तर वाय केबलऐवजी स्प्लिटर घ्यावा.

एलईडीची एक खोड कन्सोल पूर्ण झाकू शकत नाही. तीस सेकंदांच्या फेडमध्ये २५५ पायऱ्या म्हणजे सेकंदाला साडेआठ. हॅलोजनची तार हळू थंड होते, त्यामुळे या पायऱ्या डोळ्यांना जाणवत नसत. स्वस्त एलईडी मात्र अंधाराच्या अगदी जवळ आल्यावर टप्प्याटप्प्याने उतरतो. पारच्या मेनूमध्ये डिमर कर्व्ह असेल तर तो बदलून पाहावा. तेजासाठी सोळा बिटांचे दोन चॅनल देणारा पार मिळाला, तर पायऱ्या ६५,५३५ होतात आणि प्रश्न मिटतो. चेहऱ्यांसाठी मात्र समोरचे दोन-चार हॅलोजन ठेवावेत. स्वस्त आरजीबीच्या मिश्रणातून आलेला पांढरा त्वचेवर फिका पडतो. डीएमएक्स डिमर पॅक असेल तर तोच कन्सोल दोन्ही चालवतो.

लॅपटॉपवर भरवसा नसेल आणि रक्कम थोडी जास्त असेल, तर ईटीसीच्या कलरसोर्स २० सारखा छोटा कन्सोल विचारात घ्यावा: वीस फेडर, चाळीस दिवे, रंग निवडायला स्पर्शपटल. एका संस्थेला तो परवडला नाही तरी तीन-चार संस्थांना मिळून परवडू शकतो.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून होते. अशा स्पर्धांत एकामागून एक एकांकिका उभ्या राहतात आणि मांडणीला मोजकाच वेळ मिळतो. क्यू घरी बसून लिहिलेले असतील, तर नाट्यगृहात फक्त पत्ते जुळवणे आणि तेज नीट करणे उरते. त्यासाठी शोची फाइल पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवावी, प्रयोगाच्या दिवशी विंडोजचे अपडेट आणि स्क्रीनसेव्हर बंद करावेत, तीन पिनांचा प्लग पाच पिनांना जोडणारे अॅडॉप्टर पिशवीत असावेत. आणि ‘गो’ दाबणाऱ्या मुलामुलींना पहिल्या वाचनापासून तालमीला बोलवावे, म्हणजे चाळीस सेकंद कुठल्या वाक्यापासून मोजायचे हे त्यांना नटांइतकेच पाठ असेल.