कर्ण कोणता आणि कशासाठीं

सायंकाळीं अभ्यासाला बसलेलें मूल आईला विचारतें, "या वाक्यांत कर्णाचा उल्लेख कां केला आहे?" आई आपणांस ठाऊक असलेली कथा सांगूं लागते. कुंती येते, सूर्य येतो, अधिरथ आणि राधा येतात. मूल तें सारें पानभर उतरवून काढतें, आणि उत्तराला चारांपैकीं एक गुण पडतो. घरांतील सर्वांना हा अन्याय वाटतो. परंतु तो अन्याय नव्हे. कर्ण कोण होता, हें कोणीं विचारलेंच नव्हतें. लेखकानें त्याला तेथें कशासाठीं आणिलें, एवढाच प्रश्न होता.

जुन्या कथेचा किंवा प्रसंगाचा नुसता निर्देश करून पुढें जावयाचें, ही साहित्यांतील जुनी रीत आहे. कथा वाचकाला ठाऊक आहे असें धरून लेखक एका नांवावर काम भागवितो. भगीरथ प्रयत्न, द्रौपदीची थाळी, कुंभकर्णाची झोप हे शब्द मराठी घरांत रोज उच्चारले जातात. त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाहीं, कारण तो एकच आहे. कर्णाचें तसें नाहीं. महाभारतांतील कर्णानें इंद्राला कवचकुंडलें काढून दिलीं, जन्माचें रहस्य कळल्यावरही दुर्योधनाची साथ सोडली नाहीं, आणि अखेरच्या युद्धांत त्याच्या रथाचें चाक भूमींत रुतलें. यांपैकीं कोणता कर्ण अभिप्रेत आहे, हें ओळखावें कसें?

येथें उभयान्वयी अव्ययें, म्हणजे वाक्यें जोडणारे शब्द, उपयोगी पडतात. 'तो दुसरा कर्णच होता, म्हणून पडत्या काळांतही त्यानें मित्राला सोडलें नाहीं.' 'तो दुसरा कर्णच होता, पण मागणाऱ्याची गरज पाहिल्यावांचून देत नसे.' पहिल्या वाक्यांत 'म्हणून' आल्यामुळें पुढील वर्तन हें कर्णपणाचें फळ ठरतें. अर्थात् हा दुर्योधनाचा सखा. दुसऱ्यांत 'पण' येतांच दानशूर कर्ण डोळ्यांपुढें उभा राहतो आणि लगेच दोघांतला फरकही दिसतो. इतकें दोन ओळींत लिहिलें कीं उत्तर पुरें झालें.

हे जोडशब्द मुलांना बहुधा यादी करून पाठ करावयास देतात. मग निबंधांत ते मिठासारखे कोठेंही भुरभुरले जातात. 'किंबहुना' या शब्दाचे हाल तर विशेष. 'किं बहुना', फार बोलून काय, हा त्याचा मूळ संस्कृत अर्थ. शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या मागण्यांत तो आहे. आजचा विद्यार्थी मात्र तो 'किंवा' अथवा 'कदाचित्' या अर्थीं वापरतो. वास्तविक पहिल्या विधानाहून दुसरें अधिक जोराचें असेल तेव्हांच तो शोभतो: 'पाऊस कमी पडला, किंबहुना पडलाच नाहीं.'

तेव्हां आईनें आधीं त्या वाक्यांतील जोडशब्दावर मुलाचें बोट ठेववावें. कुंतीची कथा जेवणानंतर सांगावी. ती रात्रभर पुरते.