अनियंत्रित सत्ता : तिची ओळख व तिचा प्रतिकार

राज्य म्हटलें कीं सत्ता आली, आणि सत्ता म्हटली कीं कायदा, कर व पोलीस हेहि आलेच. तेवढ्यावरून कोणतेंहि राज्य जुलमी ठरत नाहीं. मग जुलमी सत्ता ओळखावी कशी? आमच्या मतें तिचीं मुख्य लक्षणें तीन. चौकशीवांचून माणसास कोंडतां येणें हें पहिलें, वर्तमानपत्रांच्या तोंडास कुलूप पडणें हें दुसरें, आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्याशीं बोलतांना दबकणें हें तिसरें.

९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहांटे देशांतील पुढाऱ्यांस धरून नेलें, तें सरकार परकी होतें. परंतु २५ जून १९७५ च्या रात्रीं आणीबाणी पुकारणारें सरकार लोकांनींच निवडून दिलेलें होतें. तरीहि विनाचौकशी कैद व वृत्तपत्रांवरील नियंत्रण लोकांच्या वांट्यास आलेंच. म्हणून सत्ताधारी कोण आहे यापेक्षां तो काय करतो, हें पाहावें.

आतां प्रतिकाराविषयीं. माथेरानचे भाई कोतवाल व त्यांचा विजेचे मनोरे पाडणारा 'आझाद दस्ता' हीं नांवें कर्जत-खालापुरांत सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्याआधीं या वकिलानें शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठार काढलें व शाळा चालविल्या, याचें स्मरण थोड्यांस असतें. ज्याच्या घरीं दाणा नाहीं तो सावकारापुढें मान वर करूं शकत नाहीं. ज्यास वाचतां येत नाहीं तो कोणत्याहि कागदावर अंगठा उठवितो. प्रतिकाराचा पाया असा घातला जातो. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आलें.

आणीबाणींत मार्ग निराळे होते. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं उघड निषेध केला. पुढें त्यांस तुरुंगवास घडला. १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींपैकीं एकट्या न्यायमूर्ति खन्ना यांनीं, कैद्यास न्यायालयाचें दार बंद करतां येत नाहीं, असा भिन्न निर्णय दिला. मार्च १९७७ मध्यें मतदारांनीं तें सरकार मतपेटींतून दूर केलें.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकीं प्रत्येकाच्या हातीं कांहीं ना कांहीं आहेच. हुकूम आला तर लेखी कारण मागावें, ग्रामसभेस जावें, ऐकीव बातमी पारखल्यावांचून पुढें देऊं नये, पकडलेल्या माणसाच्या घरीं विचारपूस करावी व मत विकूं नये. दार उघडें असतांना प्रश्न विचारण्यास थोडें धैर्य पुरतें. तें बंद झाल्यावर किती मोल द्यावें लागतें, हें सिद्धगडानें पाहिलें आहे.