बिनतारीचा खांब : उभारणी व निगा

ज्या प्रदेशांत रान दाट, वस्ती विरळ आणि नद्या बलवान् असतात, तेथें निरोप पोंचविणें हें धान्य पोंचविण्याइतकेंच महत्त्वाचें काम असतें. १९८२ सालापर्यंत एकच जिल्हा असलेले आपले चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे अशाच प्रदेशांत मोडतात. भामरागडाजवळ इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्या मिळतात. २०१९ सालच्या पावसाळ्यांत पर्लकोटेचा पूल पाण्याखालीं जाऊन त्या गांवाचा बाहेरच्या जगाशीं संबंध पुन्हां पुन्हां तुटला. अशा वेळीं वीज गेली कीं कांहीं काळानें टेलिफोनही मुका होतो. मग विजेच्या घटावर चालणारें लहानसें बिनतारी यंत्र उपयोगीं पडतें. परंतु यंत्र कितीही चांगलें असलें, तरी त्याची एरियल पडली कीं तें निरुपयोगी होय. म्हणून एरियल कशी उभारावी व कशी राखावी, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

मोबदला न घेतां, ज्ञानासाठीं व सेवेसाठीं बिनतारी संदेशांची देवघेव करणाऱ्यांस हौशी चालक म्हणतात. त्यासाठीं परीक्षा उतरून केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. या छंदाचें मोल संकटकाळीं कळतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं, तेव्हां हौशी चालकांनीं तेथें यंत्रें नेऊन निरोप पोंचविले. २००४ सालच्या डिसेंबरांत श्रीमती भारती प्रसाद या आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानांत हौशी केंद्र चालवीत होत्या. २६ तारखेस भूकंप व समुद्राच्या लाटा यांनीं बेटांवर अनर्थ केला, तेव्हां याच केंद्रावरून तेथील लोकांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांस कळूं लागली.

एरियल म्हटली कीं उंच लोखंडी मनोरा डोळ्यांपुढें येतो. पण आपल्या रानांतील पहिली गरज भागविण्यास मनोरा लागत नाहीं. ज्या लहरींची कंपनसंख्या फार मोठी, त्या बहुतेक सरळ जातात. डोंगर त्यांस अडवितात व ओलीं पानें त्यांस शोषून घेतात. उलट ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जमिनीपासून फार उंच नसलेल्या आडव्या तारेंतून निघाल्या कीं बऱ्याचशा सरळ वर जातात व आयनांबरावरून परत खालीं येतात. कारंज्याचें पाणी वर जाऊन सभोंवार पडतें, तसेंच हें आहे. यामुळें दिवसां दोन-तीनशें किलोमीटरांच्या टापूंत मधल्या डोंगरांची अडचण न होतां बोलतां येतें.

या तारेची लांबी काढण्याचें गणित सोपें आहे. १४३ या अंकास मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येनें भागावें. भागाकार तितके मीटर. ७.१ मेगाहर्ट्झसाठीं ही लांबी सुमारें २० मीटर होते. तारेचे दोन समान भाग करून मध्यभागीं यंत्राकडून येणारी केबल जोडावी, आणि टोंकें चिनीमातीच्या रोधकांस बांधून पांच ते दहा मीटर उंचीवर ताणावीं.

एवढ्या उंचीस चांगला वाळलेला वेळू पुरतो. मात्र तो जमिनींत पुरूं नये. ओल व वाळवी त्याचा बुंधा पोखरतात. जमिनींत लोखंडी नळाचा तुकडा पक्का बसवून वेळू जमिनीच्या वर त्यास जखडावा. शेंड्यास कप्पी लावून दोरी सोडली, म्हणजे दुरुस्तीसाठीं कोणासही वर चढावें लागत नाहीं. खांबास तंबूप्रमाणें निदान तीन दिशांस समान अंतरावर तणावे द्यावे. खांबाच्या उंचीच्या दोनतृतीयांशाइतक्या अंतरावर मेखा ठोकल्यास ताण बरा बसतो. खांब सरळ आहे कीं नाहीं, हें ओळंब्यानें पाहावें. वरोऱ्याकडील काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगते. तेथें मेख उथळ ठोकली तर ती सैल झालीच म्हणून समजावें.

दूरदेशीं बोलावयाचें असेल, तर मात्र उंच मनोरा व दिशा साधणारी एरियल लागते. दूरदर्शनच्या जुन्या काळीं घरांच्या छपरांवर आडव्या दांड्यांची जी एरियल दिसे, तिचा प्रकार जपानांत यागी व उदा या शास्त्रज्ञांनीं १९२६ सालीं जगापुढें मांडला. ती बॅटरीच्या झोताप्रमाणें एका बाजूस अधिक जोर देते. म्हणून तिला फिरवावें लागतें. हें काम रोटेटर करतो. त्यांत विजेची मोटर व दंतचक्रें असून खोलींत बसून दिशा बदलतां येते. रोटेटरपाशीं केबलला पुरेसें सैल वेटोळें ठेवावें. नाहींतर फिरतांना ती पिळून तुटते. एरियलचा सर्व भार रोटेटरवर पडूं न देतां वर आधाराचें बेअरिंग बसवावें.

आतां जिवाच्या धोक्याविषयीं. विजेच्या तारांजवळ खांब कधींही उभारूं नये. खांब आडवा पडला तरी त्याचें टोंक किंवा एरियलची तार त्यांस लागणार नाहीं, इतकें अंतर हवें. ओला वेळूदेखील वीज वाहतो. आपल्या भागांत वळवाच्या दिवसांत विजा फार पडतात. यासाठीं लोखंडी मनोरा तांब्याच्या जाड पट्टीनें जमिनींत खोल ठोकलेल्या सळयांस जोडावा, व तो भूमिसंपर्क घरच्या विजेच्या भूमिसंपर्काशींही जोडलेला असावा. ढग गडगडूं लागण्यापूर्वींच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी; गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावूं नये. मनोऱ्यावर माहितगार माणसानेंच, कमरपट्टा बांधून, वारा नसतांना चढावें. मुलांनीं चढूं नये. दोरी ओढणें, ओळंबा पाहणें व वहींत नोंद ठेवणें हीं कामें त्यांचीं.

उभारणी एका दिवसांत होते. निगा वर्षानुवर्षें करावी लागते. मृगापूर्वीं तणाव्यांचा ताण, मेखा, गंजलेले पेच आणि दोरीची झीज पाहावी. केबलचे सांधे रबरी पट्टीनें घट्ट गुंडाळावे, आणि घरांत शिरण्यापूर्वीं केबलला खालीं झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जातें. पावसाळा सरल्यावर वेली तोडाव्या, मुंग्यांचीं व गांधीलमाशांचीं घरें काढावीं, आणि वानरांनीं तणाव्यांस झोके घेतले असल्यास ताण पुन्हां नीट करावा. रोटेटर महिन्यांतून एकदां तरी पूर्ण फिरवून पाहावा.

पूर कांहीं आगाऊ निरोप देऊन येत नाहीं. वैशाखांतल्या कंटाळवाण्या दुपारीं ज्यानें एक सैल मेख पुन्हां ठोकली, त्याच्याच हातून श्रावणांतल्या एखाद्या रात्रीं आजाऱ्यासाठीं मदतीची हांक पैलतीरीं पोंचेल.